गावाची लोकसंख्या आणि एसटीचा थांबा

२०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६. त्यातली दोन तृतीयांश माणसं खेड्यांत. पण मला खरी आवडते ती जनगणनेची जिल्हा पुस्तिका! प्रत्येक गावापुढे नोंद असते: बस गावात येते का? नसेल तर ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, की त्याहून लांब?

बस यायची तर आधी रस्ता हवा, आणि तो लोकसंख्येवरच ठरला. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट मुलखासाठी अट होती ५०० लोकवस्तीची, आणि मोजायची ती महसुली गावाची नव्हे, वस्तीची. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात. सांगोला-मंगळवेढ्याकडे माणसं रानात विखरून राहतात, तिथं हा नियम फार महत्त्वाचा.

तुमच्या वस्तीपासून थांबा किती लांब?