चेंबरमधला वायू आणि ‘अपघात’ हा शब्द

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेला कामगार मेला की लोक म्हणतात, ‘गॅस लागला’. कागदावर ‘अपघात’ अशी नोंद होते. अपघात म्हणजे जे आधी कळत नाही ते. हा वायू कसा वागतो, हे मात्र विज्ञानाला चांगले ठाऊक आहे.

द्रव आणि वायू यांचे रेणू सतत हलत असतात. तापमान हे त्या हालचालीचेच माप. मैल्यातला ऑक्सिजन संपला की जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो पाण्यात विरघळून राहतो. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही. पण पाण्यात मावणारा हा वायू सुमारे पाव हिश्शाने घटतो. कारण पाण्याची पकड तोडण्याइतकी शक्ती थोड्याच रेणूंत असते आणि उष्णतेने नेमकी त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते. उबेने जंतूंचे कामही वाढते. त्यात कामगाराने गाळ ढवळला की कोंडलेला वायू एकदम सुटतो.

झाकण उघडे ठेवले की वायू निघून जातो, असे समजले जाते. रेणू सेकंदाला चारशे मीटरांच्या आसपास धावतो खरा, पण पावलोपावली दुसऱ्या रेणूंवर आपटून दिशा बदलतो. नुसत्या विसरणाने काही मीटर वर यायला त्याला तासन्‌तास लागतात. त्यासाठी सगळी हवाच हलावी लागते. थंडीच्या पहाटे चेंबरमधली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून हलकी असते. ती वर येते. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उलटे घडते. खालची हवा तुलनेने गार आणि जड. ती तळाशीच बसून राहते. हायड्रोजन सल्फाइड तर मुळातच हवेहून जड. म्हणजे मैला अधिक वायू सोडतो, त्याच दिवसांत तो बाहेर पडायची वाट बंद होते. वासावरही भरवसा नको. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते.

वायू मोजणारी उपकरणे आहेत, हवा खेळवणारे पंखे आहेत, गाळ उपसणारी यंत्रे आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. तरी माणसे उतरवली जातात. रेणू कोणाची जात पाहत नाहीत. चेंबरमध्ये कोणी उतरायचे, हे मात्र जात पाहूनच ठरत आले आहे. जोतिराव फुल्यांनी १८६८ साली याच शहरात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पिण्याच्या पाण्याचा तो लढा होता. मैल्याच्या पाण्याचा लढा अजून उभा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक मृत्यूनंतर तीन प्रश्न लेखी विचारावेत: उतरण्यापूर्वी वायू मोजला होता काय? हवा खेळवली होती काय? यंत्र का वापरले नाही? उत्तरे नसतील, तर ‘अपघात’ हा शब्द त्या कागदावर राहू देऊ नये.