विषम पूर्वतयारीचा वर्ग आणि महाविद्यालयीन अध्यापन

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा विसाव्या शतकातील इतिहास हा पुष्कळ अंशी दार उघडण्याचा इतिहास होय. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आलेल्या महाविद्यालयाचा पाया घातला. रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले व ‘कमवा आणि शिका’ या योजनेद्वारे निर्धन विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाची सोय केली. ज्या घरांत त्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा घरांतील मुले या व अशा संस्थांमधून पदवीधर झाली. हे दार पुढे अधिकाधिक रुंद होत गेले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०२१-२२ या वर्षी देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. त्यांत सुमारे २ कोटी ७ लाख विद्यार्थिनी होत्या. अनुसूचित जातींतील विद्यार्थी सुमारे ६६ लाख, तर अनुसूचित जमातींतील सुमारे २७ लाख होते.

दार उघडले, परंतु आत आलेल्याची पुढे काय वाट लागते, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. प्रवेश देणे हे शासनाचे व संस्थेचे काम असते, पण प्रवेशाचे रूपांतर ज्ञानात होणे हे बहुतांशी वर्गात घडते. म्हणून समावेशक अध्यापनाचा विचार हा अंतिमतः अध्यापकाच्या दैनंदिन पद्धतीचा विचार ठरतो. अध्यापकाचे सौजन्य अथवा सहानुभूती यांना त्यात स्थान आहेच. तथापि केवळ तेवढ्याने काम भागत नाही.

समान व्याख्यान, असमान लाभ

सर्वांना एकाच वेळी, एकाच आवाजात, एकच व्याख्यान दिले म्हणजे सर्वांना समान वागणूक मिळाली, अशी एक समजूत रूढ आहे. ती वरवर निर्दोष वाटते. परंतु व्याख्यान ऐकणे ही कृती दिसते तितकी साधी नाही. वक्त्याच्या बोलण्यातील मुख्य विधान कोणते व उदाहरण कोणते, हे ओळखणे. ऐकता ऐकता टिपण काढणे. न समजलेल्या भागाबद्दल प्रश्न केव्हा व कोणत्या शब्दांत विचारावा, हे जाणणे. संदर्भग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत न वाचता अनुक्रमणिका व सूची यांच्या आधारे वापरणे. अशी अनेक कौशल्ये तीत गृहीत धरलेली असतात. ती सहसा कोणी शिकवीत नाही. ज्याच्या घरी पदवीधर आईवडील वा थोरली भावंडे असतात, त्याला ती न मागता मिळतात. ज्याच्या घरी तसे कोणी नाही, त्याला ती चाचपडत शोधावी लागतात. आणि ती सापडेपर्यंत पहिले सत्र, क्वचित पहिले वर्षही, हातचे गेलेले असते.

परीक्षेच्या प्रश्नांची भाषा हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘चर्चा करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘टीप लिहा’ या आज्ञा अध्यापकांच्या अंगवळणी पडलेल्या असल्यामुळे त्यांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज वाटत नाही. पण ज्याने टीका हा शब्द केवळ निंदा या अर्थानेच ऐकलेला आहे, तो ‘या सिद्धान्तावर टीका करा’ या प्रश्नाच्या उत्तरात सिद्धान्ताचे केवळ दोषच मोजीत बसतो. त्याचे गुण कमी होतात ते विषयाच्या अज्ञानामुळे नव्हे, तर संकेताच्या अज्ञानामुळे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास हा भेद दिसत नाही. आणि विद्यार्थीही आपण बुद्धीने कमी आहोत असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. समावेशक अध्यापनाचे पहिले तत्त्व येथूनच निघते. वर्गातील अलिखित नियम लिखित करणे, हे ते तत्त्व होय.

बर्कली येथील निरीक्षण

उणे कोठे आहे याविषयीचे अध्यापकांचे अंदाज किती फसवे असू शकतात, हे अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासावरून दिसून येते. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युरी ट्रीझमन हे गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कलनशास्त्राच्या, म्हणजेच कॅल्क्युलसच्या, पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण होत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम यश मिळवीत. याची चार कारणे अध्यापकवर्गात सर्रास सांगितली जात : प्रेरणेचा अभाव, शालेय तयारीतील उणीव, कुटुंबाचा अपुरा पाठिंबा आणि दारिद्र्य. ट्रीझमन यांनी दोन्ही गटांतील प्रत्येकी २० विद्यार्थ्यांचा अभ्यास ते प्रत्यक्ष जेथे बसून अभ्यास करीत तेथे जाऊन पाहिला. या चारही कारणांनी अपयशाचा उलगडा होईना.

भेद निघाला तो वेगळाच. कृष्णवर्णीय विद्यार्थी अध्यापकांनी सांगितले तितके तास निष्ठेने, परंतु एकेकटे, अभ्यास करीत. आपली अडचण ही सर्वांची अडचण आहे की केवळ आपली, हे कळण्यास त्यांच्यापाशी साधनच नव्हते. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकट्याने अभ्यास झाल्यावर एकत्र जमत, उत्तरे ताडून पाहत, परस्परांच्या चुका दाखवीत आणि परीक्षेत काय अपेक्षित असते याची माहितीही एकमेकांना देत. ट्रीझमन यांनी यावरून जी कार्यशाळा उभारली, ती कच्च्या विद्यार्थ्यांची उजळणी या स्वरूपाची नव्हती. तीत नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे देऊन ती गटाने सोडविण्यास सांगितले जाई. कार्यशाळेतील विद्यार्थ्यांचे यश लक्षणीय ठरले, आणि पुढे अनेक अमेरिकन विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. मागे राहिलेल्यास सोपे द्यावे, हा जो सर्वसामान्य समज आहे, त्याला या अनुभवाने छेद दिला. विद्यार्थ्यास हवी होती ती सवलत नव्हे, संगत होती.

रचनाबद्ध तासाचे स्वरूप

अलीकडील संशोधनाने याच विचारास पुष्टी दिली आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील शाखेत जीवशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम अधिक रचनाबद्ध करण्यात आला : तासापूर्वी मार्गदर्शक प्रश्नांसह वाचन, तासात लहान लहान कृती आणि तासानंतर नियमित उजळणी. सारा एडी व केली होगन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या बदलाचा लाभ सर्व विद्यार्थ्यांस झाला. परंतु कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांच्या यशातील अंतर निम्म्यावर आले आणि घराण्यातील पहिल्या पिढीचे महाविद्यालयीन विद्यार्थी व इतर यांच्यातील अंतर तर नाहीसे झाले.

असा तास प्रत्यक्षात कसा असू शकेल, हे अर्थशास्त्रातील एका घटकावरून पाहता येईल. मागणीची लवचिकता शिकवावयाची आहे, असे समजू. रूढ पद्धतीत व्याख्या, सूत्र, आलेख व उदाहरण हा क्रम असतो, आणि तासाच्या अखेरीस ‘काही शंका?’ असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बहुधा मौन असते. रचनाबद्ध तासात आरंभीच फळ्यावर प्रश्न येईल : कांद्याचा भाव दुप्पट झाला तर घरातील कांद्याची खरेदी किती घटेल, आणि मिठाचा भाव दुप्पट झाला तर मिठाची किती? दोन मिनिटे प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहावयाचे, दोन मिनिटे शेजाऱ्याशी ताडून पाहावयाचे, आणि त्यानंतर अध्यापकाने निरनिराळ्या बाकांवरून उत्तरे मागावयाची. सूत्र येते ते या उत्तरांच्या पाठोपाठ. ज्याच्या घरी कांदा पिकतो व ज्याच्या घरी तो विकत आणला जातो, त्या दोघांपाशीही येथे सांगण्यासारखे काही असते. किंबहुना मागणी व पुरवठा या दोन्ही बाजू वर्गातच उपस्थित असल्याचे दिसून येते. विद्यार्थ्यांतील विविधता ही अडचण न राहता अध्यापनसामग्री बनते ती अशी.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचा काळ, ही याच पद्धतीतील आणखी एक लहान पण महत्त्वाची बाब. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले असता, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरीने सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. तो काळ तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे अधिक विस्तृत झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. हे निरीक्षण शाळेतील असले, तरी जो विद्यार्थी इंग्रजीतून विचारलेला प्रश्न मनाशी मराठीत आणून पुन्हा इंग्रजीत उत्तर जुळवितो, त्याला या तीन सेकंदांचे मोल किती, हे सांगावयास नको.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्रातील वर्गापुरते बोलावयाचे तर विषमतेचे एक मोठे कारण भाषा हे आहे. मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा देऊन विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे गेलेल्या विद्यार्थ्यास त्रिज्या, ऑक्सिडीभवन, घसारा हे शब्द ठाऊक असतात. महाविद्यालयात त्याच संकल्पना अपरिचित नावांनी समोर येतात. त्याला विषय नवा नसतो, नाव नवे असते. प्रत्येक घटकाच्या आरंभी दहा-बारा पारिभाषिक संज्ञांची दोन्ही भाषांतील यादी फळ्यावर लिहिली, तर हा अडसर पुष्कळ दूर होतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने, ज्याची स्थापना १९६० साली झाली, अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केलेले असल्याने अध्यापकास ही यादी नव्याने घडवावी लागत नाही.

मराठी माध्यमाच्या वर्गातही भाषेचा प्रश्न सुटलेला असतोच असे नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी वा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यास ग्रांथिक मराठी ही स्वतःच शिकलेली भाषा असते. त्यांतील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, तर गोंडी ही द्राविड कुळातील भाषा होय. त्यांची रचना मराठीहून मुळातच भिन्न आहे. अशा विद्यार्थ्याच्या वाक्यातील लिंग वा विभक्तीची चूक ही विचाराची चूक नसते. आशयाचे गुण व भाषेचे गुण वेगळे मोजण्याची शिस्त पाळली, तर हा भेद मूल्यमापनातही राखता येतो. वर्गात बोलीचा उच्चार ऐकून हसे पिकू न देणे, हीसुद्धा अध्यापकाचीच जबाबदारी आहे. एकदा हसे झालेला विद्यार्थी पुढे वर्षभर बोलत नाही.

पाहणे आणि ऐकणे

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली असून शासकीय व शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. उतरण, उद्वाहक, लेखनिक या सोयी संस्थेने करावयाच्या असतात. परंतु काही सोयी केवळ अध्यापकाच्या वाणीत असतात. ‘हे येथून काढले की ते तेथे येते’ असे फळ्याकडे बोट दाखवून बोललेले वाक्य अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने कोरे असते. ‘समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून पाच वजा केले’ असे म्हटले की तेच वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचते. आणि शेवटच्या बाकावरील ज्याला फळा नीट दिसत नाही, त्याचेही काम होते. ओठांच्या हालचालीवरून बोलणे जाणणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी फळ्याकडे तोंड करून न बोलणे एवढेच पुष्कळदा पुरेसे असते. एकासाठी केलेली सोय अनेकांच्या उपयोगी पडते, हा अनुभव या क्षेत्रात वारंवार येतो.

आक्षेपांचा विचार

या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, अभ्यासक्रम पुरा होणार नाही. तो निराधार नाही. कृतींना वेळ लागतो. परंतु जे पाठ्यपुस्तकात स्पष्ट आहे ते वाचनावर सोपवून कठीण भागासाठी तास राखणे शक्य असते. शिवाय अध्यापकाने पुरा केलेला अभ्यासक्रम व विद्यार्थ्याला पुरा कळलेला अभ्यासक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप मोठ्या वर्गांचा. शंभराच्या वर्गात प्रत्येकाशी बोलणे शक्य नाही, हे खरे. पण प्रत्येकाने शेजाऱ्याशी बोलणे शक्य असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशाने दर्जा खालावतो, असे म्हटले जाते. स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांच्या कृतीवर भर देणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के आढळले. परीक्षेतील गुणही सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेले होते. २०२० साली याच परंपरेतील दुसऱ्या आढाव्यात, वंचित गटांतील व इतर विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांमधील अंतर अशा वर्गांत ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. हे अभ्यास मुख्यतः परदेशांतील व मुख्यतः विज्ञानशाखांतील आहेत. त्यांचे आकडे जसेच्या तसे येथील कला वा वाणिज्य शाखेच्या वर्गास लावणे योग्य होणार नाही. परंतु समावेशकता व दर्जा यांत विरोध असलाच पाहिजे, हे गृहीत त्यांनी खोटे ठरविले आहे.

येथील विभागांना या दिशेने पुष्कळ काम करण्यासारखे आहे. प्रथम वर्षाचा एखादा अभ्यासक्रम घेऊन कोणत्या प्रश्नावर कोणत्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी अडतात याची नोंद ठेवणे, प्रश्नपत्रिकेतील आज्ञावाचक शब्दांचा विद्यार्थी कोणता अर्थ लावतात हे तपासणे, संज्ञांची द्विभाषिक यादी दिलेल्या व न दिलेल्या तुकड्यांची तुलना करणे, हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील विषय आहेत. त्यांस मोठा निधी वा उपकरणे लागत नाहीत. ज्यांच्यासाठी दारे उघडण्यात एका पिढीने आपले आयुष्य वेचले, ते विद्यार्थी आज वर्गात बसले आहेत. त्यांच्या मौनाचा अर्थ बुद्धिमांद्य असा लावावयाचा की अध्यापनातील उणीव असा, याचा निर्णय प्रमाणांच्या आधारे होणे आवश्यक आहे. आणि ती प्रमाणे गोळा करणे हे विद्यापीठाचे काम आहे.