चैत्रगौरीची आरास आणि हळदीकुंकू

गुढीपाडवा झाला की तिसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर झोपाळ्यात बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचं महिनाभराचं माहेरपण. दक्षिणेत नवरात्रात बाहुल्यांचं गोलू मांडतात ना, आपली चैत्रगौरीची आरास त्याच घराण्यातली.

देवघरातली अन्नपूर्णा घासूनपुसून झोपाळ्यात बसवायची आणि रोज पूजा करायची. मोठी आरास मात्र हळदीकुंकवाचा मंगळवार किंवा शुक्रवार ठरला की आदल्या संध्याकाळी मांडली तरी चालते.

पायऱ्या विकत आणू नका. मागे ट्रंक, पुढे उतरत्या उंचीचे डबे आणि पाट. ढकलून बघा, काही डगमगत नाही ना. मग वरून आजीचं जरीचं लुगडं, काठ दर्शनी येईल असं. सर्वांत वर गौर, खाली बाहुल्या, भातुकली, मातीची फळं. एक पायरी मुलांना द्या. आरसा आडवा ठेवला की झाली गोदावरी! तिच्या काठी कामदा एकादशीला निघणारे आपले रामरथ नि गरुडरथ काडेपेट्यांचे करता येतात. समई पायरीवर नको. लुगड्यापासून लांब, जमिनीवर ताटात ठेवा. कलिंगडाचं कमळ पाहुण्या यायच्या तासभर आधी कापा, नाशिकच्या उन्हात ते टिकत नाही. पुढे चैत्रांगण: सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्मं. आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजत घाला.

आता बोलावण्याचं. बाहुल्यांचे कपडे शिवणारी, कैऱ्या किसणारी काकू पाहुण्या आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते, कारण काका नाहीत. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पण हळदीकुंकवाची यादी ग्रामपंचायत करत नाही, आपण करतो.

आमचं म्हणणं एवढंच, की बोलावणं सगळ्यांना एकच असावं. ‘कुंकू लावू का?’ हे चारचौघींत विचारू नका, आदल्या दिवशी घरी जाऊन विचारा. कुणी नको म्हटलं तर आग्रह नको. फूल आणि अत्तर द्या. डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी मात्र सर्वांना सारखी, एकाच ताटातून. आणि पहिलं कुंकू घरातल्या सर्वांत मोठ्या बाईच्या हातून लागू द्या. सासूबाईंनीच करंडा पुढे केला, की कुजबुजणाऱ्यांनाही पन्ह्याचा पेला उचलावा लागतो.