रंग एकीचा, ठसका दुसरीचा

प्रयोगशाळेतल्या टेबलावर तीन पिशव्या होत्या. एकीत सुरकुतलेली, गडद लाल ब्याडगी, दुसरीत लांब, सडपातळ संकेश्वरी आणि तिसरीत आंध्रातली गुळगुळीत, बारकी तेजा. तपासणी करणाऱ्या बाई हातमोजे चढवून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. "देठात तिखट नसतं. एका नमुन्याचे देठ काढले आणि दुसऱ्याचे तसेच राहिले, तर तुलना कशाची करायची?" त्या म्हणाल्या. नमुना घेण्याचीही शिस्त असते. पोत्याच्या तोंडाशी हाताला येईल ती मूठ घेऊन भागत नाही, वरचा, मधला आणि तळाचा माल एकत्र करावा लागतो.

त्यांनी एक ब्याडगी उभी चिरली आणि बिया जिला चिकटलेल्या असतात ती पांढुरकी शीर चिमट्यानं दाखवली. कॅप्सेसिन आणि डायहायड्रोकॅप्सेसिन ही तिखटाची मुख्य द्रव्यं तयार होतात ती इथं. बी तिखट लागतं ते शिरेच्या संगतीमुळे. लाल रंग मात्र सालीच्या गरातला. तो कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइडांचा. दोन्हींची घडण वेगळी आणि जागाही वेगळ्या, त्यामुळे मिरची जितकी लाल तितकी जहाल, हा हिशेब चुकतो.

दळताना व्हायचं तेच झालं. झाकण उघडताच खोलीभर ठसका उठला. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून तोलून घेतलेली पूड अल्कोहोलमध्ये घालून काही तास मंद उकळत ठेवली. वाफ वरच्या थंड नळीत शिरायची आणि थेंब होऊन पुन्हा चंबूत पडायची. मग अर्क गाळून त्याचा अगदी थोडा भाग 'एचपीएलसी' यंत्रात सोडला. त्यातल्या बारीक नळीतून प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगानं बाहेर पडतं आणि पडद्यावर त्याचं एकेक शिखर उमटतं.

आधी ब्याडगीचा आलेख आला. कॅप्सेसिनचं शिखर बुटकं, त्यानंतर डायहायड्रोकॅप्सेसिनचं त्याहून बुटकं. पुढे तेजा आली. शिखरं नेमकी त्याच जागांवर, पण उंचच उंच. संकेश्वरी या दोघींच्या मधे राहिली. जात बदलली तरी द्रव्यं तीच राहतात, बदलतं ते प्रमाण. शिखराखालचं क्षेत्रफळ शुद्ध कॅप्सेसिनच्या आलेखाशी ताडून ते प्रमाण काढतात आणि त्याचं स्कोव्हिल एककांत रूपांतर करतात. 1912 साली विल्बर स्कोव्हिल यांनी हीच मोजणी माणसांच्या जिभेवर केली होती. तिखट लागेनासं होईपर्यंत अर्कात साखरेचं पाणी वाढवत जायचं, अशी त्यांची रीत. त्या मापात शुद्ध कॅप्सेसिन सुमारे 1 कोटी 60 लाख आणि ढोबळी मिरची शून्य.

रंगाची मोजणी वेगळी. पूड ॲसिटोनमध्ये रात्रभर अंधारात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी 460 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते बघायचं. अंधार हवाच, कारण ही रंगद्रव्यं उजेडात आणि हवेत टिकत नाहीत. वाळवलेली ब्याडगी शीतगृहात ठेवतात तीही रंग उतरू नये म्हणून. रंगाच्या या परीक्षेत क्रम उलटला. ब्याडगी पहिली आली आणि तेजा मागे पडली.

कागदावरचे आकडे मी जातींच्या नावांपुढे टिपायला लागलो, तशा बाईंनी मला थांबवलं. "हे या पोत्याचे आकडे. बियाणं तेच असलं तरी रान, पाणी, तोडणीची वेळ बदलली की आकडेही बदलतात." म्हणून मसाल्याचे मोठे खरेदीदार जातीच्या नावावर विसंबत नाहीत, प्रत्येक मालाचे तिखट आणि रंग असे दोन्ही आकडे मागवतात. रंग एका पोत्यातून, तिखट दुसऱ्यातून घेऊन दरवेळी मिश्रण जुळवतात. रश्श्यावरचा लालभडक तवंग बघून आधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तो तवंग बहुधा ब्याडगीचा असतो आणि घाम फोडणारी मिरची त्यात दिसतही नाही.