संगणकातल्या दाखल्यांची स्थळप्रत

कचेरीतून एखादे पत्र बाहेर गेले की त्याची स्थळप्रत नस्तीला लागते. नव्या कारकुनालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीस-बावीस वर्षे हेच काम करून आम्ही संगणकाच्या बाबतीत मात्र ते विसरलो, त्याची ही हकिगत.

भाईंदर पूर्वेला आमच्या अभ्यासवर्गात एक जुना संगणक होता. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वस्तीतल्या कुटुंबांचे दाखले स्कॅन करून आम्ही त्यात ठेवीत असू. एका जुलैत वीज दोन-तीनदा गेली-आली आणि संगणक सुरूच होईना. आतून टक् टक् आवाज येऊ लागला. आम्ही तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली. आतले कागद काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्याने सांगितलेला खर्च आमच्या एका पगारात बसणारा नव्हता.

त्यात एका मुलीच्या पणजोबांचा शाळेचा दाखला होता. मूळ कागद घर बदलताना हरवलेला. बारावीनंतर तिला जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या घरांत धर्मांतरानंतरच्या दाखल्यांवर बहुधा ‘बौद्ध’ लिहिलेले असते. त्यामुळे पणजोबांच्या त्या एका कागदाला किती किंमत, हे वाचकांना सांगायला नको. शेवटी महाडच्या आत्याच्या पेटीत त्याची झेरॉक्स सापडली, घडीवर फाटायला आलेली. आमची शिस्त नव्हे, आत्याची पेटी कामाला आली.

हार्ड डिस्क अशी अचानक का जाते? तिच्यात गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरतात. अक्षरे वाचणारे टोक तबकडीला न टेकता वर तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. धक्का बसला, वीज मध्येच गेली किंवा भाग झिजले की टोक तबकडीला घासते. म्हणून तसा आवाज आला की संगणक ताबडतोब बंद करावा. प्रत्येक वेळी चालू करण्याने नवा ओरखडा पडण्याची भीती. डिस्क घरी उघडू तर मुळीच नये. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसते, पण ती आवाजसुद्धा न करता जाते.

जाता जाता एक गोष्ट. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली, नागपूरच्या दीक्षेच्या महिनाभर आधी. दोन-दोन फुटी ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज मोबाईलचा एक फोटो तेवढी जागा खातो.

उपाय जुनाच आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. यातले शेवटचे लोक टाळतात. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच माणसे गेली, फायली जळाल्या. ‘आदर्श’ प्रकरणाचे कागद मात्र सुरक्षित असल्याचे तेव्हा सांगण्यात आले, कारण ते सीबीआयकडे होते. एकाच कपाटातल्या दोन प्रती आगीला आणि २६ जुलै २००५ सारख्या पाण्याला एकच.

दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही जातो. मोबाईलचे फोटो इंटरनेटवर आपोआप चढतात म्हणून निर्धास्त राहू नये. इथे पुसले की बहुधा तिथेही पुसले जातात. डिजिलॉकरचा (सुरुवात २०१५) उपयोग जरूर करावा. सरकारने थेट दिलेले दाखले त्यात मान्य असतात. आपण स्वतः चढवलेल्या जुन्या कागदाला मात्र मूळ दाखल्याचा दर्जा मिळत नाही, ती नुसती आपली प्रत. म्हणून मूळ कागद जपायचाच.

आता अभ्यासवर्गाची दुसरी डिस्क नालासोपाऱ्याला एका कार्यकर्त्याच्या घरी असते. दर पौर्णिमेला विहारात येताना तो ती आणतो, नवे दाखले तिच्यावर घेतो आणि परत नेतो. नेण्यापूर्वी आम्ही कुठलेही पाच दाखले उघडून पाहतो. गेल्या पौर्णिमेला एक उघडला नाही. त्या घरी निरोप धाडला, आईने मूळ कागद पदराखाली झाकून पावसातून आणला, आणि तो त्याच संध्याकाळी पुन्हा स्कॅन झाला.