यादीत नाव नाही, म्हणून पोर परत नेऊ नका

पावसाळा लागला की समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहासमोर गावाकडच्या आया पिशवीत कागद घेऊन बसलेल्या आम्ही पाहतो. हल्ली अर्ज ऑनलाइन, तरी जीव यादीतच. शंभरात 80 जागा अनुसूचित जातींच्या, त्यात आपण बौद्ध आलोच, अनाथांना 2. पण यादी लागते गुणांवर. बाप दारू पिऊन मारतो, एका खोलीत सातजण, असल्या घरातल्या पोरीसाठी वेगळा रकाना नाही. तिथे राहून तिने आणलेले 55 टक्के आमच्या मते दुसरीच्या ऐंशीला भारी आहेत.

नागपूरला जुलै 1942 मध्ये भरलेल्या महिला परिषदेत आपल्या आयाबायांनी मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे मागितली होती. मागणी अजून पुरी झालेली नाही.

जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पात्र मुलीच्या खात्यावर राहण्या-जेवणाचे पैसे जमा होतात. पण ते येतात उशिरा, आणि खोलीवाला अनामत आधी मागतो. वर आडनाव विचारतो ते निराळेच! हे मधले महिनेच पोरीला परत गावी नेतात, आणि मग लग्नाच्या बोलाचाली सुरू होतात.

विहाराच्या महिला मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून ही अनामत उसनी द्यावी. शहरातल्या एखाद्या घराने दोन महिने पोर ठेवून घ्यावी. आणि आयांनो, जातीचा व उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा.