विद्युत कंत्राटदाराचे अंदाजपत्रक आणि नव्या संगणकीय सुविधा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या कुंभकोणमशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात हे गाव होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच एका मराठी कुटुंबात झाला. त्यांच्यापुढे संस्थानांचा जमाखर्च असे; येथील शाखेत काम करताना माझ्यापुढे येतो तो लॉज, कल्याण मंडपम आणि दुकानांच्या बांधकामांचा. दर बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव २०१६ नंतर आता २०२८ साली आहे. साहजिकच जुन्या लॉजमधील वायरिंग बदलण्याच्या कामांची चौकशी वाढत जाणार आणि त्याबरोबर अंदाजपत्रकांची संख्याही.

काही वर्षांपूर्वी आमचे एक ग्राहक शाखेत आले. व्यवसायाने विद्युत कंत्राटदार. घरात आजही तंजावरी मराठी बोलली जाते. एका दुमजली मंडपमचे काम त्यांना सर्वांत कमी दरामुळे मिळाले होते. परंतु काम निम्म्यावर असतानाच वायर आणि पाइप संपले. त्यांचे अंदाजपत्रक आम्ही दोघांनी मिळून तपासले. नकाशावर मोजलेली लांबी अचूक होती, बेरजाही बरोबर होत्या. चूक एवढीच की नकाशात फक्त आडवी लांबी दिसते. छतापासून स्विचबोर्डापर्यंत उतरणारी उभी लांबी दिसत नाही. ती धरलीच गेली नव्हती. अखेर घरातील दागिने तारण ठेवून त्यांनी काम पूर्ण केले. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न असा, "साहेब, अंदाजपत्रकाचे सॉफ्टवेअर घेतले असते, तर हे टळले असते का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे मांडत आहे.

मोजमाप

उदाहरणादाखल १२० स्विचबोर्ड धरू. प्रत्येकासाठी उभा उतार १.८ मीटर असेल, तर पाइपच २१६ मीटर जास्त लागतो. प्रत्येक पाइपातून सरासरी पाच वायर जात असतील, तर १,०८० मीटर वायर, म्हणजे ९० मीटरची १२ बंडले. नव्या आज्ञावलींमध्ये नकाशा थेट संगणकाच्या पडद्यावर उघडतो, त्यावरच लांबी मोजता येते, आणि छताची व बोर्डाची उंची एकदा नोंदवली की प्रत्येक बोर्डामागे उभी लांबी आपोआप मिळवली जाते. दिवे, पंखे व प्लग यांची चिन्हे ओळखून ती मोजण्याची सोयही आता काही आज्ञावलींत आली आहे.

येथे एक सावधगिरी हवी. मूळ ए-१ आकाराचा नकाशा ए-३ कागदावर छापला की त्यावरील प्रत्येक लांबी निम्मी होते. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण १:१०० असे छापलेले असले, तरी प्रत्यक्षात ते १:२०० झालेले असते. छापलेले प्रमाण तसेच भरले, तर संगणक विनातक्रार निम्मी वायर काढून देईल. म्हणून ज्या भिंतीची लांबी निश्चित माहीत आहे, ती आधी मोजून प्रमाण पडताळावे. बहुतेक आज्ञावलींत तशी सोय असते. चिन्हांची आपोआप झालेली मोजणीही एखाद्या खोलीपुरती हाताने ताडून पाहावी.

जोडसंच

एक लाइट पॉइंट म्हणजे केवळ एक दिवा नव्हे. त्यामागे पाइप, जोडपेटी, वायर, स्विच, प्लेट, स्क्रू आणि मजुरी असते. या सर्वांचा एक संच एकदा तयार करून ठेवला की पुढे फक्त पॉइंटची संख्या भरावी लागते. लहानसहान वस्तू विसरण्याचा धोका यामुळे कमी होतो. मात्र संचातच एखादी वस्तू राहून गेली असेल, तर तीच चूक प्रत्येक पॉइंटमागे पुन्हा होते. म्हणून पहिला संच अनुभवी वायरमनला शेजारी बसवून तयार करावा.

दर आणि तांबे

अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरच्या ९० मीटर बंडलात सुमारे दोन किलो तांबे असते. तांबे किलोमागे १०० रुपयांनी महागले, तर केवळ धातूपोटी बंडलामागे सुमारे २०० रुपयांचा फरक पडतो. लंडनच्या धातू बाजारात तांब्याच्या दराने मे २०२१ मध्ये टनामागे १०,००० डॉलरचा आणि मे २०२४ मध्ये ११,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचे दरपत्रक वापरून काढलेली रक्कम कागदावर कितीही नीटनेटकी दिसली, तरी ती जुनीच असते. नव्या आज्ञावलींत प्रत्येक दरासमोर त्याची तारीख, पुरवठादार आणि मुदत नोंदवता येते आणि मुदत संपलेले दर वेगळ्या रंगात दिसतात. माझ्या मते ही सर्वांत उपयुक्त सुविधा होय.

त्याचा परिणाम पाहा. चाळीस लाखांच्या कामात वायर व केबल बारा लाखांची असेल आणि ती पंधरा टक्क्यांनी महागली, तर १ लाख ८० हजार रुपये जातात. अपेक्षित नफा आठ टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार असेल, तर त्यातील निम्म्याहून अधिक एका वस्तूनेच नेला.

मजुरी

एका पॉइंटला किती तास लागतात, याचे तक्ते परदेशी आज्ञावलींत तयार मिळतात. अमेरिकेतील विद्युत कंत्राटदारांच्या राष्ट्रीय संघटनेचे श्रम-एककांचे नियमपुस्तक त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते जसेच्या तसे येथे लागू करू नये. कुंभकोणमच्या जुन्या गल्लीतील जाड भिंतीत खाच पाडणे आणि नव्या इमारतीत ओतकामापूर्वीच पाइप टाकून ठेवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने खोळंबणारे दिवसही धरले पाहिजेत. मागील दोन-तीन कामांची हजेरी काढून आपले स्वतःचे तक्ते भरावेत.

फेरबदलांची नोंद

मालकाने मध्येच दोन वातानुकूलन यंत्रे वाढवली, तर मूळ अंदाजपत्रक कायम ठेवून त्याची नवी आवृत्ती काढता येते. काय बदलले, कोणी बदलले आणि रकमेत किती फरक पडला, हे शेजारी शेजारी दिसते. जादा कामाचे बिल मागताना हीच नोंद कामी येते. त्यावर मालकाची सही मात्र काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी.

बँकेच्या दृष्टीने

सूक्ष्म व लघु उद्योगांचे खेळते भांडवल ठरवताना पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादेसाठी नायक समितीची पद्धत वापरली जाते. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही भांडवलाची गरज मानून २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने घालावयाचे असतात. उलाढाल ८० लाख असेल, तर बँकेचे १६ लाख आणि स्वतःचे ४ लाख. अपेक्षित उलाढाल हाती असलेल्या कामांवरून ठरते, म्हणून अंदाजपत्रकात जी चूक असते, तीच पुढे कर्जमर्यादेत आणि बँक हमीत उतरते. रक्कम कमी धरली, तर काम अर्ध्यावर अडते. फुगवून धरली, तर व्याजाचा बोजा वाढतो.

आणखी एक नेहमीची गफलत म्हणजे खर्चावर दहा टक्के मिळवणे आणि विक्री किमतीत दहा टक्के नफा असणे, या दोन गोष्टी एकच समजणे. छत्तीस लाखांच्या खर्चावर दहा टक्के मिळवले, तर रक्कम ३९ लाख ६० हजार होते. त्यात नफ्याचे प्रमाण सुमारे ९.१ टक्केच असते. आज्ञावलीत यांपैकी कोणता पर्याय निवडला आहे, ते तपासून घ्यावे. वस्तू व सेवा कर वेगळ्या ओळीत दाखवावा, नफ्यात मिसळू नये.

शाखेत अंदाजपत्रक आणताना केवळ शेवटची रक्कम आणू नये. दरांच्या तारखा, मोजमापाचा तक्ता, मजुरीचा आधार आणि अनपेक्षित खर्चासाठीची तरतूद सोबत जोडावी. आम्ही सहकाऱ्यांनीही बेरजेआधी हेच पाहावे.

आता त्या ग्राहकांच्या प्रश्नाकडे येऊ. होय, ती विशिष्ट चूक टळली असती. पण छताची उंची कोणीतरी जागेवर जाऊन मोजून भरली असती, तरच. त्यांनी पुढे आज्ञावली घेतली. पुढच्या लॉजच्या कामाचे अंदाजपत्रक घेऊन ते शाखेत आले, तेव्हा पहिल्याच पानावर प्रत्येक मजल्याच्या छताची उंची लिहिलेली होती, आणि समोर मोजल्याची तारीख.